शिकाऊ वैमानिकासाठी हातातला रेडिओ : माल पाहून, कायदा पाहून घ्यावा

आपल्या समाजातील मुले आता डॉक्टरकी आणि इंजिनिअरिंगच्या पलीकडे पाहू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मालेगाव-भिवंडीच्या मागावर घाम गाळणारा बाप आज मुलाला वैमानिक करण्याचा विचार करतो. त्यासाठी प्लॉट विकतो, कर्ज काढतो, भावाभावांत वर्गणी होते. मुलगा बारामती, गोंदिया किंवा धुळ्याला जातो, काही मुले अमेरिकेला जातात. प्रवेश झाला की सामानाची यादी हातात येते : हेडसेट, नकाशे, पुस्तके, गणिताची पट्टी, टॅब्लेट. त्याच यादीच्या तळाशी, किंवा एखाद्या पुढच्या तुकडीच्या मुलाच्या सल्ल्यात, एक वस्तू असते ती म्हणजे हातात धरून बोलण्याचा विमानाचा रेडिओ.

ही वस्तू मोबाइलसारखी दिसते, वीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत जाते, आणि ती घ्यायची की नाही हे सांगणारा घरात कोणी नसतो. दुकानदार अर्थातच महागातली दाखवतो. आम्ही कापडाच्या धंद्यातले. ठाण हातात घेऊन पोत, काउंट आणि पन्हा पाहिल्याशिवाय भाव बोलायचा नाही, ही आमची सवय. तीच सवय या मालाला लावून, जाणकारांना विचारून आणि कंपन्यांची माहितीपत्रके वाचून जे समजले ते कारागीर आणि व्यापारी बांधवांपुढे ठेवत आहोत.

रेडिओचे काम काय?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले तेव्हा त्यांच्या लहानशा विमानात रेडिओ नव्हता. आकाश मोकळे होते, विमाने मोजकी होती. आज तसे नाही. मोठ्या विमानतळावर टॉवरची परवानगी मिळाल्याशिवाय विमान हलत नाही, आणि ही परवानगी तोंडी, रेडिओवर मिळते. ज्या छोट्या धावपट्टीवर टॉवर नाही, तेथे वैमानिक एकाच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आपण कोठे आहोत आणि काय करणार आहोत हे बाकीच्यांना सांगत राहतात.

या बोलण्यात चूक झाली की काय होते, याची दोन उदाहरणे प्रत्येक शिकाऊ मुलाने लक्षात ठेवावीत. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या ताब्यातील टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जम्बो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. त्या अपघाताची कारणे अनेक होती, पण त्यातले एक असे की ऐन मोक्याच्या क्षणी टॉवर आणि दुसरे विमान एकाच वेळी बोलले. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून कर्कश शिट्टीसारखा नाद झाला आणि धावत सुटणाऱ्या विमानाला महत्त्वाचा निरोप नीट ऐकूच गेला नाही.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीजवळ चरखी दादरी येथे सौदी आणि कझाक विमाने हवेत धडकली आणि दोन्हींतील सर्व ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. सौदी विमानात रोजीरोटीसाठी आखाती देशांत निघालेले आपले किती तरी मजूर बांधव होते. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबण्यास सांगितले होते, ते त्याच्याही खाली आले. चौकशीत ठरलेली उंची न राखल्याचा ठपका त्या चालकांवर आला आणि त्यांच्या कच्च्या इंग्रजीचाही विचार झाला. पुढे आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या वैमानिकाला इंग्रजीची किमान चौथी पायरी गाठलीच पाहिजे, असा जागतिक नियम २००८ पासून लागू झाला.

यातून एक गोष्ट पालकांनी घ्यावी. रेडिओ विकत घेणे सोपे, रेडिओवर बोलणे शिकणे अवघड, आणि जीव वाचतो तो दुसऱ्या गोष्टीने. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने यात कमीपणा मानू नये. रेडिओवरची इंग्रजी ही मोजक्या, ठरलेल्या वाक्यांची असते. कान तयार झाला की जीभ तयार होते. पण कान तयार करायला मेहनत लागते, आणि ती मेहनत पैशाने विकत मिळत नाही.

हातातल्या संचाची खरी जागा

विमानात रेडिओ बसवलेला असतोच. मग हातातला कशाला? तो खोगीरभरतीचा नाही आणि बसवलेल्याची जागा घेणाराही नाही. तो अडीअडचणीचा आहे. विमानाचा विजेचा पुरवठा बंद पडला, डायनॅमोसारखे काम करणारा अल्टरनेटर गेला, बॅटरी उतरली, किंवा बसवलेला रेडिओच बिघडला, तर इंजिन चालूच राहते, कारण लहान विमानाच्या इंजिनाची ठिणगी स्वतंत्र मॅग्नेटोवर चालते. विमान उडत असते, पण मुका-बहिरा झालेला वैमानिक आत बसलेला असतो. अशा वेळी पिशवीतला चार्ज केलेला संच उपयोगी पडतो.

तरीही तो नसला म्हणजे सर्व संपले असे नाही, हेही समजून घ्यावे. वीज शिल्लक असेल तर ट्रान्सपॉन्डरवर ७६०० हा आकडा लावला की रडारवरच्या माणसाला समजते की या विमानाचा रेडिओ बंद आहे. टॉवर असेल तेथे खालून दिव्याचे इशारे मिळतात. हवेतील विमानाला स्थिर हिरवा म्हणजे उतरा. लुकलुकता हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत या. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या, घिरट्या घालत राहा. लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका. हे इशारे तोंडपाठ असलेला मुलगा पन्नास हजारांचा संच बाळगणाऱ्या पण इशारे न जाणणाऱ्या मुलापेक्षा जास्त सुरक्षित आहे.

हातातल्या संचाची पोच किती हेही माहीत हवे. विमानाचा रेडिओ ज्या लहरींवर चालतो त्या सरळ रेषेत जातात, डोंगराला आणि पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालत नाहीत. म्हणून उंचीवर सर्व अवलंबून. १,००० फुटांवरून क्षितिज सुमारे ३९ सागरी मैलांवर, ३,००० फुटांवरून सुमारे ६७ सागरी मैलांवर. ही झाली हिशेबातली पोच. प्रत्यक्षात हातातल्या संचाची ताकद कमी, त्याचा रबरी अँटेना आखूड आणि भोवती विमानाचे धातूचे कवच. त्यामुळे केबिनमध्ये बसून दहा-पंधरा मैलांपलीकडच्या बोलण्यावर भरवसा ठेवू नये. जवळ येऊन टॉवरशी बोलावे, एवढ्यापुरता तो उपयोगी आहे.

आधी कायदा, मग माल

येथे आम्ही बांधवांना हात जोडून थांबवू इच्छितो, कारण बहुतेकांची फसगत येथेच होते. आपल्या देशात मुलगा शिकत असेल तर हा संच विकत घेण्याची घाई करू नये.

कारण असे. भारतात बिनतारी संच परवान्याशिवाय बाळगणेच गुन्हा, हे तत्त्व १९३३च्या कायद्यापासून चालत आले आणि २०२३च्या नव्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यास परवानगी लागतेच. काही हलक्या ताकदीच्या वॉकीटॉकींना, म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्यांना, परवान्यातून सूट आहे. विमानाची फ्रिक्वेन्सी त्या सुटीत येत नाही. ती जागा सर्वांत कडक राखलेली आहे, आणि ते योग्यच आहे.

येथे दोन परवान्यांची गल्लत होते. एक परवाना माणसाचा, दुसरा यंत्राचा. रेडिओवर बोलण्यासाठी मुलाला आरटीआर-ए ही परीक्षा द्यावी लागते. ती पूर्वी दूरसंचार विभाग घेत असे, भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आल्यावर १ जानेवारी २०२५ पासून हा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे गेला. पण ही परीक्षा पास होणे म्हणजे वाहन चालवण्याचा परवाना मिळणे. त्याने गाडीची नोंदणी होत नाही. विमानात बसवलेल्या रेडिओचा परवाना विमानाच्या मालकाने काढलेला असतो. मुलाच्या पिशवीतल्या संचाला तो लागू होत नाही. म्हणून परदेशातून येणाऱ्या चाचा-मामूला “येताना एक संच घेऊन या” असे सांगू नये. विनापरवाना आणलेला संच कस्टममध्ये अडकतो आणि आणणारा विनाकारण चौकशीत सापडतो. एखाद्या प्रशिक्षण संस्थेने संच आवश्यक म्हटला, तर परवाना कोणाच्या नावावर आणि कोणत्या संचाचा, हे लेखी विचारावे. उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.

अमेरिकेत चित्र निराळे आहे. तेथे देशांतर्गत उड्डाणात विमानातून असा संच वापरायला वेगळा परवाना लागत नाही, आणि शिकाऊ वैमानिकालाही देशात उडताना रेडिओचा स्वतंत्र परवाना लागत नाही. संच दुकानात उघड मिळतो. पण त्यालाही मर्यादा आहे : जमिनीवरून, खोलीत बसून किंवा पार्किंगमधून बोलणे नियमात बसत नाही, त्यासाठी जमिनीवरच्या केंद्राचा परवाना लागतो. ऐकणे मात्र मोकळे आहे. ब्रिटनमध्ये तर आपल्यासाठी नसलेले रेडिओवरचे बोलणे नुसते ऐकणेही कायद्याला धरून नाही. म्हणजे देश बदलला की नियम बदलतो. मुलगा ज्या देशात शिकणार त्या देशाचा नियम पाहावा, आणि परत येताना संच बरोबर आणावा की तेथेच विकून यावा, याचाही विचार घेण्यापूर्वीच करावा.

माल कसा पारखावा?

आता मुलगा अमेरिकेसारख्या देशात आहे आणि संच घेणे कायदेशीर आहे, असे धरून चालू. कापडात आधी सूत पाहतो, मग रंग. येथेही तोच क्रम ठेवावा.

पहिली गोष्ट, फ्रिक्वेन्सी आणि लहरीची जात. विमानाचे बोलणे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या दरम्यान चालते आणि ते एएम पद्धतीचे असते. बाजारात दोन-तीन हजारांत मिळणारी चिनी वॉकीटॉकी एफएम पद्धतीची असते. त्यातील काहींवर विमानाचे बोलणे ऐकू येते, पण त्यावरून विमानाशी बोलता येत नाही. “यावर सर्व चालते” असे सांगणाऱ्या दुकानदाराला विचारावे : एएममध्ये ११८ ते १३७वर बोलता येते काय? उत्तर फिरवले तर दुकान सोडावे. एएम ठेवण्यामागे कारण आहे. एफएममध्ये दोन जण एकदम बोलले तर जोरकस आवाज दुसऱ्याला पूर्ण गिळतो आणि कोणी बोलले हेच कळत नाही. एएममध्ये निदान शिट्टी वाजते आणि ऐकणाऱ्याला समजते की दोघे एकदम बोलले, पुन्हा विचारले पाहिजे.

दुसरी गोष्ट, खिडक्यांतले अंतर. अमेरिकेत दोन फ्रिक्वेन्सींमध्ये २५ किलोहर्ट्झचे अंतर असते. युरोपात गर्दीमुळे त्याचे तीन भाग करून ८.३३ किलोहर्ट्झ केले असून २०१८ पासून तेथे बहुतेक विमानांना तसेच रेडिओ लागतात. युरोपात शिकणाऱ्या मुलाने जुना, फक्त २५चा संच स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नये. तो तेथे अर्धा निकामी आहे.

तिसरी गोष्ट, ताकद. यात व्यापाऱ्यांची जुनीच चलाखी आहे. एक जण डब्यावर ६ वॅट लिहितो, दुसरा १.८ वॅट. गिऱ्हाइकाला वाटते पहिला तिप्पट जोरदार. वास्तविक दोन्ही एकच असू शकतात. ६ हा आवाजाच्या शिखरावरचा आकडा, १.८ हा नुसत्या वाहक लहरीचा. गाठीचे बारदानासह वजन आणि निव्वळ वजन यांत फरक असतो तसे हे आहे. तुलना करताना शिखराशी शिखर आणि वाहकाशी वाहक लावावे. चांगल्या कंपन्यांच्या संचांत या बाबतीत फार फरक नसतो. पोच वाढवायची तर वॅट नव्हे, अँटेना आणि उंची कामाला येते.

चौथी गोष्ट, हेडसेटचा जोड. हे बहुतेक जण विसरतात. चालू इंजिनाच्या गोंगाटात संच कानाला लावून काही ऐकू येत नाही. त्याला विमानाचा हेडसेट जोडता आला पाहिजे. विमानाच्या हेडसेटला दोन वेगवेगळ्या जाडीच्या पिना असतात, त्या बहुतेक संचांत थेट बसत नाहीत, त्यासाठी जोड-वायर वेगळी घ्यावी लागते. म्हणून संचाचा भाव विचारताना जोड-वायर धरून भाव विचारावा. स्पोर्टीज या अमेरिकन कंपनीच्या पीजे-२ संचात या दोन पिनांची भोके संचातच दिलेली आहेत. शिकाऊ मुलासाठी ही मोठी सोय आहे, कारण अडचणीच्या वेळी पिशवीत वायर शोधावी लागत नाही. काही नव्या संचांत ब्लूटूथही आहे. ते चालते, पण त्यासाठी हेडसेटही तसा हवा आणि आधी जोडून पाहिलेला हवा.

पाचवी गोष्ट, बॅटरी. अडीअडचणीची वस्तू महिनोन् महिने पिशवीत पडून राहते आणि गरज पडेल त्या दिवशी नेमकी उतरलेली असते. म्हणून चार्ज होणाऱ्या बॅटरीबरोबर साधे पेन्सिल सेल घालण्याची डबी मिळते काय, हे विचारावे. सेल वर्षानुवर्षे टिकतात आणि गावातल्या कोणत्याही दुकानात मिळतात. नव्या संचांत मोबाइलचीच यूएसबी-सी वायर चालते, तीही सोयीची. प्रवासात सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात टाकू नये, हातातल्या पिशवीत ठेवावी. या बॅटऱ्या विमान कंपन्यांच्या १०० वॅट-तासांच्या मर्यादेच्या फार खाली असतात, त्यामुळे हरकत होत नाही.

सहावी गोष्ट, बटणे. हवेत हात थरथरत असताना चार पायऱ्यांचा मेनू उघडत बसणे जमत नाही. आकड्यांची बटणे असावीत, १२१.५ ही संकटाची फ्रिक्वेन्सी एका बटणावर मिळावी, आणि अंधारात आकडे दिसावेत. बटणे बंद करणारे कुलूपही हवे. का, ते पुढे सांगतो. डब्यावर आयपी ५७ किंवा ६७ लिहिले असेल तर शेवटच्या ७चा अर्थ असा की संच एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. असेल तर बरे, पण त्यासाठी फार जास्त पैसे मोजू नयेत.

साधा की महागाचा?

बाजारात दोन वर्ग आहेत. पहिला फक्त बोलण्या-ऐकण्याचा. आयकॉमचा ए-१६, पीजे-२ आणि येसूचे साधे संच यात येतात. अमेरिकेत साधारण २०० ते ३०० डॉलर. दुसरा वर्ग वाट दाखवणाऱ्या संचांचा. आयकॉमचा ए-२५एन किंवा येसूचा एफटीए-५५० यांवर १०८ ते ११८ मेगाहर्ट्झमधील जमिनीवरच्या मार्गदर्शक केंद्राची, म्हणजे व्हीओआरची दिशाही कळते, काहींत जीपीएस असते. यांतले महागडे संच साधारण ६०० डॉलरपर्यंत जातात.

आमचे मत स्पष्ट आहे : शिकाऊ मुलाला पहिला वर्ग पुरेसा आहे. वाट दाखवण्याचे काम त्याच्या टॅब्लेटवर किंवा कागदी नकाशावर होते. हातातल्या छोट्या पडद्यावर दिशा पाहत, एका हाताने विमान सांभाळत उडणे ही शिकाऊ माणसाची कामे नव्हेत. वरच्या दोन-तीनशे डॉलरमध्ये तेथे प्रशिक्षकासह साधारण एक तासाचे उड्डाण होते. तो तास जास्त मोलाचा.

खर्चाचा क्रमही सांगून ठेवतो. आधी फी आणि तास, कारण पैसे संपून शिक्षण मध्येच थांबले तर आधी घेतलेले सामान भंगार होते. मग चांगला हेडसेट, कारण तो रोज लागतो आणि कान एकदा गेले की परत येत नाहीत. मग पुस्तके व परीक्षांची फी. रेडिओ शेवटी, आणि तोही मुलगा एकटा दूरच्या उड्डाणावर जाऊ लागेल तेव्हा. प्रशिक्षक शेजारी बसलेला असताना त्याची गरज क्वचितच पडते. कित्येक ठिकाणी संस्थेचाच एखादा संच असतो, तो एकट्या उड्डाणाला मागून घेता येतो काय हे विचारण्यात लाज नाही. फिजूलखर्ची दीनमध्येही नापसंत आहे आणि धंद्यातही.

जुना संच घेताना

पुढच्या तुकडीची मुले शिक्षण संपवून संच विकतात, तो घेण्यास हरकत नाही. मात्र चार गोष्टी पाहाव्यात. बॅटरी रात्रभर चार्ज करून दुसऱ्या दिवशी किती तास ऐकू येते ते पाहावे. नवी बॅटरी अजून मिळते काय ते विचारावे, कारण बॅटरी बंद झालेला संच म्हणजे सूत तुटलेला माग. अँटेनाचा जोड हलतो काय ते हाताने पाहावे. आणि संचावरचा क्रमांक खोडलेला नाही ना ते तपासावे. खोडलेला क्रमांक म्हणजे चोरीचा माल, आणि चोरीच्या मालात बरकत नसते. आयकॉमच्या नावाचे नकली संच फिरतात, असा इशारा त्या कंपनीने स्वतः दिलेला आहे. फार स्वस्त दिसला की शंका घ्यावी.

घेतल्यावर काय करावे?

पहिल्या आठवड्यात प्रशिक्षकाला बरोबर घेऊन विमानात बसूनच संच जोडून पाहावा : हेडसेट चालतो काय, टॉवरला आवाज स्पष्ट जातो काय. अँटेना न लावता बोलण्याचे बटण कधीही दाबू नये, आतला भाग जळतो. आपल्या भागातील टॉवर, हवामान आणि धावपट्टीच्या फ्रिक्वेन्सी आधीच भरून ठेवाव्यात. महिन्यातून एक दिवस ठरवून चार्ज करावा, जुम्म्याचा दिवस ठरवला तर विसरायला होत नाही. संच मागच्या सीटवर नव्हे, हात पोचेल तेथे ठेवावा.

बटणांचे कुलूप का हवे ते आता सांगतो. पिशवीत पडलेला संच चालू राहिला आणि बोलण्याचे बटण वहीखाली दाबले गेले, तर तो संच सतत लहर सोडत राहतो. त्या फ्रिक्वेन्सीवर भोवतालच्या कोणत्याही विमानाला आणि टॉवरला धड बोलता येत नाही. टेनेरिफची शिट्टी आठवावी. आपल्या पिशवीतली वस्तू दुसऱ्याच्या जिवावर उठू नये, ही जबाबदारी घेणाऱ्याचीच आहे.

या संचाचा रोजचा मोठा फायदा मात्र ऐकण्यात आहे, अर्थात जेथे कायदा परवानगी देतो तेथेच. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाने संध्याकाळी धावपट्टीच्या कुंपणाजवळ बसून तासभर टॉवर काय बोलतो आणि वैमानिक काय परत म्हणतो ते ऐकावे, वहीत लिहावे, मनात उत्तर द्यावे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या बरोबरीने येण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. भारतात शिकणाऱ्याने हेच काम संस्थेच्या वर्गात, प्रशिक्षकासमोर आणि मित्राबरोबर तोंडी सराव करून साधावे. त्याला परवाना लागत नाही.

दुकानदार बांधवांसाठी

शेवटी धंद्याची गोष्ट. आपले अनेक बांधव मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक मालाच्या व्यापारात आहेत. वॉकीटॉकीला मागणी दिसली की माल भरण्याचा मोह होतो. हा मोह आवरावा. परवाना लागणारे बिनतारी संच विक्रीसाठी ठेवायला विक्रेत्यालाही सरकारी परवाना लागतो. मे २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने इंटरनेटवरून वॉकीटॉकी विकणाऱ्या बड्या बाजारपेठांना नोटिसा काढल्या आणि त्याच महिन्यात या विक्रीसाठी मार्गदर्शक नियम जाहीर केले. संच कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि परवाना लागतो की नाही, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगणे आता बंधनकारक आहे. ऐब लपवून माल विकणे शरीयतने आधीच मना केले आहे, आता सरकारही तेच विचारत आहे. वरून, अशा मालात पकडले गेल्यावर छोट्या दुकानदाराला चौकशीचा जो त्रास होतो, तो नफ्याच्या कितीतरी पट असतो.

थोडक्यात हिशेब असा. मुलगा भारतात शिकत असेल तर संच घेऊ नये, पैसा तासांवर आणि आरटीआर-ए परीक्षेच्या तयारीवर लावावा. अमेरिकेत असेल तर एकट्या उड्डाणाची वेळ आल्यावर बोलण्या-ऐकण्यापुरता साधा संच, हेडसेटच्या जोडासह आणि पेन्सिल सेलच्या डबीसह घ्यावा. युरोपात असेल तर ८.३३ पाहूनच घ्यावा. आणि कोठेही असला तरी दिव्याचे इशारे आणि ७६०० हे पाठ असावे, त्याला एक पैसाही लागत नाही. मागावर बसून कमावलेल्या हलाल पैशाचा रुपया-रुपया मुलाच्या कामी यावा. इन्शाअल्लाह, आपली मुले नेटाने शिकतील आणि सुखरूप उतरतील.